हे हाड कशासाठी?

आमच्या वर्गात दर शनिवारी शेवटच्या तासाला 'ओळखा पाहू' हा खेळ असतो. नियम अगदी साधा. ज्याची पाळी असेल त्याने घरातली एखादी जुनी, अडगळीत पडलेली वस्तू आणायची, टेबलावर ठेवायची आणि गप्प बसायचं. ती वस्तू कशाची, ते बाकीच्यांनी ओळखायचं. आजवर आमच्या टेबलावर अडकित्ता आला, पानाची चंची आली, दौत-टाक आला. एकदा एकीने धान्य मोजायचं मापटं आणलं, तर पोरांनी त्याला 'पेनं ठेवायचा डबा' ठरवून टाकलं!

गेल्या पावसाळ्यात पाचवीतल्या एका मुलाची पाळी आली. त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. वीतभर लांब, चपटी, पिवळसर. एक टोक गोलसर झिजलेलं आणि काचेसारखं गुळगुळीत. एका मुलीने हात लावून पाहिला आणि ती किंचाळलीच, "ई! बाई, हाड आहे हे!"

झालं! वर्गात हशा पिकला. "कुत्र्याच्या तोंडातून काढलंस का रे?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. बिचारा मुलगा खाली मान घालून उभा राहिला.

मी पोरांना दटावून गप्प केलं. पण पुढे मी जे केलं ते त्याहून वाईट होतं. बाई म्हटल्यावर उत्तर तर यायलाच हवं ना? मी ती वस्तू हातात घेतली, उलटसुलट केली आणि ठणकावून सांगितलं, "ही कागद फाडायची सुरी आहे. पूर्वी साहेबलोकांच्या टेबलावर असायची." पोरांनी माना डोलावल्या. मुलाने वस्तू पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि खिशात घातली. शाळा सुटल्यावर मात्र तो दाराशी घुटमळला आणि हळूच म्हणाला, "बाई, ते कागदाचं न्हाई. माझ्या आज्ज्याचं हाय."

ते काय होतं, ते पुढे सांगतेच. तोवर तुम्हीही डोकं चालवा!

चिठ्ठी चुकली तर?

माझी चूक एका वर्गापुरती होती. पण दोस्तांनो, अशी चूक मोठमोठ्या विद्वानांच्या हातूनही होते.

धातूचा शोध लागण्याआधी माणसाजवळ कामाला काय होतं? दगड, लाकूड, शिंग, हस्तिदंत आणि हाड. लाकूड बहुधा कुजून जातं. हाड मात्र योग्य मातीत किंवा कोरड्या गुहेत हजारो वर्षं टिकतं. म्हणून जगभरच्या संग्रहालयांत घासलेली, टोकदार केलेली, भोकं पाडलेली हाडं खणांमधून जपून ठेवलेली असतात. कुठे सापडलं, कोणत्या थरात सापडलं, हे चिठ्ठीवर लिहिता येतं. पण 'कशासाठी' हे हाडावर थोडंच कोरलेलं असतं?

मग विद्वान अंदाज करतात. युरोपात सांबरासारख्या रेनडिअर नावाच्या प्राण्याच्या शिंगांचे तुकडे सापडले. जाड टोकाशी एक मोठं गोल भोक, काहींवर घोड्यांची सुंदर चित्रं कोरलेली. १९ व्या शतकातल्या फ्रेंच संशोधकांना वाटलं, हा नक्की टोळीच्या प्रमुखाच्या हातातला मानाचा दंड असणार! त्यांनी तसंच नाव देऊन टाकलं. पुढे लोकांनी इतर अंदाज केले. कुणी म्हणालं, वाकडी भाल्याची काठी या भोकात घालून सरळ करत असतील. कुणी म्हणालं, भाला दूर फेकायला याचा उपयोग होत असेल. आता अभ्यासक त्याला नुसता 'भोकाचा दंड' म्हणतात. म्हणजे दिसतं तेवढंच नाव. पण तो जुना 'मानाचा दंड' अजूनही पुस्तकांतून डोकावतोच. एकदा लावलेली चिठ्ठी निघता निघत नाही, ती अशी.

मग खरं उत्तर शोधायचं तरी कसं? त्यासाठी अभ्यासक हाडाला काही प्रश्न विचारतात. चला, आपणही विचारू.

पहिला प्रश्न : हे माणसाने केलं की जनावराने?

हे आधी ठरवायला हवं. कारण तरसाचे दात, झाडांची मुळं, वाहतं पाणी यांनीही हाडावर खुणा उमटतात.

१९९५ साली स्लोव्हेनिया या देशात दिव्ये बाबे नावाच्या गुहेत गुहा-अस्वलाच्या पिल्लाचं मांडीचं हाड सापडलं. त्यात ओळीने दोन भोकं आणि दोन्ही तुटक्या टोकांशी भोकांसारखे अर्धगोल! शोधणारे इव्हान तुर्क म्हणाले, ही बासरी आहे. हाड पन्नास हजार वर्षांहूनही जुनं. त्या काळी तिथे निअँडरथल माणसं राहत. म्हणजे ही त्यांची बासरी! पण दुसरे अभ्यासक म्हणाले, ही तर दातांनी पडलेली भोकं. दोन्ही बाजूंनी प्रयोग झाले, लेख लिहिले गेले. ल्युब्लियाना शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात हे हाड बासरी म्हणून मांडलेलं आहे आणि वाद अजून मिटलेला नाही.

दुसरा प्रश्न : ते कसं झिजलं?

आजीच्या घरचा पाटा आठवा. मध्ये खोलगट झालेला असतो ना? वरवंटाही जिथे हात लागतो तिथे निराळा गुळगुळीत असतो. पाटा कशासाठी हे माहीत नसलेल्या माणसालाही ती झीज पाहून कळेल की इथे काहीतरी मागे-पुढे घासलं जात होतं. काम वस्तूवर आपली सही करून जातं म्हणा ना!

हाडाच्या आणि दगडाच्या हत्यारांवरची ही सही सूक्ष्मदर्शकाखाली वाचायची पद्धत रशियातले सर्गेई सेम्योनोव यांनी बसवली. त्यांचं पुस्तक १९५७ साली निघालं. कातडं घासलं की एक प्रकारची चमक येते, माती खणली की वेगळे ओरखडे उठतात, लाकूड तासलं की आणखी वेगळे.

या पद्धतीने काय चमत्कार होतो ते ऐका. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ स्वार्टक्रान्स नावाची गुहा आहे. तिथे दहा ते अठरा लाख वर्षांपूर्वीची, टोकं झिजलेली हाडं सापडली. ही आपल्यासारख्या माणसांची नव्हेत, तर फार पूर्वीच्या मानवसदृश प्राण्यांची हत्यारं. उत्खनन करणारे बॉब ब्रेन यांनी स्वतः हाड घेऊन डोंगरउतारावर कंद खणून पाहिले. त्या हाडाचं टोकही तसंच झिजलं. ठरलं तर मग, ही कंद खणायची हत्यारं!

पण २००१ साली लुसिंडा बॅकवेल आणि फ्रान्चेस्को देरिको या दोघांनी संग्रहातली तीच हाडं पुन्हा बाहेर काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्यांनीही नवी हाडं घेऊन निरनिराळी कामं करून पाहिली. कंद खणताना खडे लागतात, म्हणून ओरखडे लहान-मोठे आणि सगळ्या दिशांना उठतात. गुहेतल्या हाडांवर मात्र टोकाकडून वर जाणारे बारीक, एकमेकांना समांतर ओरखडे होते. असे ओरखडे एकाच कामाने उठत होते. कोणत्या, सांगा बरं? वारूळ खणण्याने!

वारूळ म्हणजे नागोबाचं घर, असं आपण म्हणतो. पण ते बांधते वाळवी. ती बारीक, एकसारखी माती रचते, म्हणून ओरखडेही बारीक आणि एकसारखे. थोडक्यात, हे आपले दूरचे नातलग वारूळ फोडून वाळवी खात होते. हाड तेच आणि खणही तोच, फक्त पाहणारे डोळे जास्त बारकाईने पाहणारे होते.

तिसरा प्रश्न : वापरून पाहिलं तर?

हस्तिदंत म्हणजे हाड नव्हे, दात. पण संग्रहालयात दोन्ही एकाच घरातली भावंडं. तेव्हा आता एका हस्तिदंती कोड्याकडे वळू.

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात होले फेल्स नावाची गुहा आहे. तिथे २०१५ साली मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्याचे १५ तुकडे सापडले. ते जोडले तेव्हा सुमारे २० सेंटिमीटरची पट्टी झाली. तिच्यात एका ओळीत चार भोकं आणि प्रत्येक भोकाच्या आतून स्क्रूच्या आट्यांसारखे चर नीट कोरलेले. वय ३५ हजार वर्षांहून जास्त! अशी भोकांची पट्टी पूर्वीही सापडली होती. तेव्हा कुणी तिला दागिना म्हटलं होतं, कुणी वाद्य.

निकोलस कोनार्ड आणि वेरले रॉट्स यांच्या पथकाने विचार केला, नुसती नक्षी करायची तर भोकाच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी कोण करेल? हे चर कशाला तरी वळण देण्यासाठी असावेत. भोकांत वनस्पतींचे बारीक अवशेषही मिळाले. मग त्यांनी तशीच पट्टी बनवली आणि निरनिराळे धागे ओवून पाहिले. पाणथळ जागी कणसासारखे तपकिरी तुरे येतात ना, त्या पाणकणसाची पानं सगळ्यांत चांगली चालली. प्रत्येक भोकातून एक पेड ओवायचा, पेड धरणाऱ्यांनी पीळ देत राहायचं आणि एकाने पट्टी मागे मागे सरकवायची. की झाला दोर तयार! चार-पाच जणांनी मिळून दहा मिनिटांत पाच मीटर पक्का दोर वळला. हे संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झालं.

ज्याच्या घरी दावं, कासरा, चऱ्हाट वळताना पाहिलं असेल, त्याला ही पट्टी चटकन ओळखीची वाटेल. पीळ द्यायला एक, धरायला एक. दोर वळणं हे एकट्याचं काम नव्हेच. म्हणजे त्या चार भोकांमधून आपल्याला ३५ हजार वर्षांपूर्वी एकत्र बसून काम करणारी माणसंही दिसली!

चौथा प्रश्न : जाणत्याला विचारलं का?

आता माझा सगळ्यांत आवडता प्रश्न.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला दोर्दोन्य भागात दोन ठिकाणी निअँडरथल माणसांच्या वस्तीच्या थरांत हाडाचे चार छोटे तुकडे सापडले. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीचे. बोटाच्या पेराएवढे, एक टोक गोल घासलेलं, गुळगुळीत आणि चकचकीत. मारी सोरेसी आणि शॅनन मॅकफेरन या संशोधकांचा त्यात वाटा होता. त्यांना वाटलं, ही कातडं घोटायची हत्यारं असावीत. जनावराची बरगडी घ्यायची, तिचं टोक घासून गोल करायचं आणि ते कातड्यावर दाबून रेटायचं. बरगडी लवचीक असते, ती दाबाने वाकते. कधीतरी जास्त वाकली की टोक मोडतं. तीच ही मोडकी टोकं!

आता हे खरं कशावरून? सोरेसीबाईंनी पॅरिसमधल्या, चामड्याच्या किमती वस्तू बनवणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीच्या कारागिरांकडे चौकशी केली. चित्र दाखवलं. कारागिरांनी ते लगेच ओळखलं, कारण तसंच हत्यार ते रोज हातात धरत होते! फ्रेंच भाषेत त्याला 'लिस्वार' म्हणतात. त्याने घोटलं की चामडं मऊ होतं, चमकतं आणि त्यात पाणी लवकर मुरत नाही. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं.

पुढची गंमत २०२० सालची. ही हाडं कोणत्या प्राण्याची, ते शोधायचं होतं. पण त्यासाठी हाड कापायचं कसं? ते तर अमोल! मग नेओमी मार्टिसियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती केली. हाडं ज्या प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवली होती, त्या डब्यांना आतून चिकटलेले अतिसूक्ष्म कण घेऊन तपासले. उत्तर मिळालं, बरगड्या गव्यासारख्या मोठ्या, बैलाच्या कुळातल्या जनावरांच्या आहेत. त्या परिसरात हाडं जास्त होती ती रेनडिअरची. म्हणजे हाताशी पडलेलं कुठलंही हाड उचललेलं नव्हतं. जाड, मजबूत बरगडी मुद्दाम निवडली होती. कुठल्या कामाला कुठलं हाड, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मंडळी, हे सगळं एका पुस्तकात वाचत असताना मी थबकले. वीतभर लांब... एक टोक गोल... काचेसारखं गुळगुळीत... अरे देवा!

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याचे आजोबा ओट्यावर वहाणा शिवत बसले होते. समोर आरी, रापी, दोऱ्याची गुंडी आणि ते हाड. मी विचारलं, "आजोबा, हे कशासाठी हो?" त्यांनी उत्तर दिलं नाही. वहाणेची नुकती कापलेली कड पुढे धरली, हाडाचं टोक टेकवलं आणि आठ-दहा वेळा रेटून घासलं. खरबरीत कड बघता बघता चमकायला लागली. मग म्हणाले, "ह्यानं घोटली की कड बसती, बाई. पानी बी लवकर शिरत न्हाई. माज्या बानं दिलंय मला."

जे ओळखायला मोठ्या संशोधकांना पॅरिसच्या कारागिरांकडे जावं लागलं, ते माझ्या वर्गातल्या एका मुलाला ठाऊक होतं. आम्ही त्याला हसलो होतो. आणि मी, त्याची बाई, त्याला बोलू न देता उत्तर देऊन मोकळी झाले होते.

सोमवारी मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, "परवा माझं चुकलं. ती कागदाची सुरी नव्हती." मग त्या मुलाला पुढे बोलावलं. त्याने आजोबांसारखंच चामड्याच्या तुकड्यावर हाड टेकवलं आणि घोटून दाखवलं. ज्याने कुत्र्याचं नाव काढलं होतं, तोच सगळ्यांत आधी पुढे आला आणि म्हणाला, "मला दे की जरा!"

उत्तर नसेल तर?

सगळ्याच हाडांना असे आजोबा भेटत नाहीत. उत्तर प्रदेशात बेलन नदीच्या खोऱ्यात लोहंदा नाला नावाची जागा आहे. तिथे अलाहाबाद विद्यापीठाच्या संशोधकांना हाडाची एक कोरीव वस्तू मिळाली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी. त्यांनी ती मातृदेवतेची मूर्ती म्हणून जगासमोर आणली. पुढे रॉबर्ट बेडनारिक आणि इतर काही अभ्यासकांनी मत मांडलं, की हा मासे मारायच्या काटेरी भाल्याचा मोडका फाळ आहे. मूर्तीचे अवयव वाटतात ते त्याचे मोडके काटे. अनेक पुस्तकांत मात्र ती मातृदेवता म्हणूनच छापली जाते.

देवता की भाला? दोन्हींत केवढं अंतर! एका उत्तराने त्या माणसांची श्रद्धा दिसते, दुसऱ्याने त्यांचं रोजचं जेवण. म्हणून चिठ्ठी लिहिताना घाई करायची नाही. मला वाटतं, खरी चिठ्ठी तीन ओळींची असावी. दिसतं काय, आम्हाला वाटतं काय आणि हे कशावरून किंवा कुणी सांगितलं.

तुम्ही संग्रहालयात जाल तेव्हा काचेपलीकडची चिठ्ठी नुसती वहीत उतरवून घेऊ नका. आधी वस्तू पाहा. कुठे झिजली आहे? हात कुठे धरत असतील? ही मीच हातात धरली तर काय करीन? मग चिठ्ठी वाचा. पालकांनाही एक विनंती. मुलांना 'चला, उशीर होतोय' म्हणून पुढे ढकलू नका. एका वस्तूपुढे दहा मिनिटं उभं राहणं, हे शंभर वस्तूंपुढून पळत जाण्यापेक्षा चांगलं. आणि घरात आजी-आजोबा, शेजारी सुतार, कुंभार, वहाणा शिवणारे कुणी असतील, तर मुलांना त्यांच्याकडे बसू द्या. त्यांच्या हातांत जे आहे ते सगळंच काही पुस्तकात आलेलं नाही.

आमच्या वर्गात आता 'ओळखा पाहू'चं कपाट झालं आहे. प्रत्येक वस्तूला तीन ओळींची चिठ्ठी. ते हाड काही कपाटात नाही, कारण आजोबांना ते रोज लागतं. म्हणून मुलाने त्याचं चित्र काढून लावलं. खाली लिहिलं : 'दिसतं - चपटं हाड, टोक गुळगुळीत. काम - चामड्याची कड घोटणे. सांगणारे -' आणि पुढे आजोबांचं संपूर्ण नाव, ठळक अक्षरांत, रंगीत खडूने.

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का? शोधा, पाहा, विचारा आणि तीन ओळींची चिठ्ठी लिहा. ओळखता आलं नाही, तर दुसऱ्या ओळीत सरळ प्रश्नचिन्ह काढा. त्यात लाजायचं काय? आमच्या कपाटात अजून तीन वस्तूंना प्रश्नचिन्हच आहे. त्यांतलं एक माझ्या अक्षरात आहे.